डाक, बंगलोर मार्गे

गजभिये काका ई-मेल उभ्यानं लिहितात, आणि लिहिताना हलतात.

डावा पाय जरासा पुढे, उजवा मागे, कंबर हलकीशी या बाजूला, मग त्या बाजूला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना उन्हाची चक्कर आली. मी धावत जाऊन दंड धरला. काकांनी मान न वळवता सांगितलं, "सोड वं मॅडम, गाडी चालू आहे."

त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या डाकडब्यात गेली. नागपूरहून गाडी सुटायची. डब्यात हे चार-पाच सॉर्टर उभे, समोर भिंतभर लाकडी खण, हातात पत्रांचा गठ्ठा. गोंदिया येईपर्यंत प्रत्येक पत्र आपापल्या गावाच्या खणात पडलं पाहिजे. उभ्यानं आणि हलत्या गाडीत तीस-पस्तीस वर्षं हेच केलं. आता खुर्चीवर बसलं की डोकं बंद पडतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कॉम्प्युटर टेबलावर नाही, छातीएवढ्या उंचीच्या कपड्यांच्या कपाटावर. शेजारी कूलर, आणि कूलरच्या डोक्यावर इंटरनेटचा डबा. त्यावर पाणी उडेल असं मी अकरा वर्षं सांगते आहे. ते अकरा वर्षं "हो" म्हणत आहेत.

आम्ही त्यांचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. म्हणजे आठवीपर्यंत. म्हणजे चित्रं रंगवणं, चार ओळी टाइप करणं आणि "माऊस ओढू नका". पण त्रिमूर्ती नगरातल्या आमच्या गल्लीत कोणाचाही मोबाईल, टीव्ही, अगदी गिझर बिघडला तरी लोक माझ्याकडे येतात. काका त्याला अपवाद. ते माझ्याकडे शिकायला येत नाहीत, परीक्षा घ्यायला येतात. निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटरची पुस्तकं वाचली, पानं छापून आणली, लाल पेनानं खुणा केल्या. आणि एके दिवशी जिन्यात गाठून मला विचारलं, "काय वं मॅडम, डाक कोण्या नंबरच्या दारानं बाहेर जाते?" मी म्हटलं, कसलं दार, कसला नंबर. काका "राहू दे" म्हणाले आणि तेव्हापासून मला जास्तच आदरानं मॅडम म्हणतात. तो आदर कसला आहे हे मला पक्कं ठाऊक आहे.

ई-मेल हा शब्द ते उच्चारत नाहीत. ती डाक. डाक सोडण्याआधी ज्याला पाठवायची त्याला फोन करतात, "डाक सोडून राहिलो, घरीच राहा." मग बटन दाबतात. मग वहीत तारीख घालून 'रवाना' असा रबरी शिक्का मारतात. मग पुन्हा फोन, "पोचली का?" एका ई-मेलमागे दोन फोन आणि एक शिक्का. एकदा मी म्हटलं, काका, फोनवरच सांगून टाकलं असतं तर? त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी त्या दिवशी दळण आणायला दुसऱ्या रस्त्यानं गेले.

मलाही डाक येते. गेल्या उन्हाळ्यात आमची वरची टाकी भरून वाहत होती. पाणी जिन्यातून, काकांच्या दारावरून, थेट गल्लीत. काकांनी काय करावं? वर हाक मारावी. नाही. मी संध्याकाळी मेल उघडला तर त्यात लिहिलेलं: "विषय: पाणी. आपली टाकी दोन वाजल्यापासून वाहून राहिली. कृपया मोटर बंद करावी. कळावे." मी खाली जाऊन भांडले. काका शांतपणे म्हणाले, "हाक मारली का हवेत जाते. डाक रेकॉर्डले राहते."

आणि ही डाक खालच्या खोलीतून वरच्या खोलीत सरळ येत नाही. आधी बंगलोरला जाते.

त्याचं कारण सुजाता. काकांची एकुलती एक मुलगी. काकू गेल्या तेव्हा ती कॉलेजात होती. आता बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिनं तिथं स्वतःचा एक मेलचा सर्व्हर ठेवला आहे. सर्व्हर म्हणजे एक लहानसं टपालघर समजा. ज्यांना मोठ्या कंपन्यांचं फुकट मेल नको असतं अशा दहा-बारा ओळखीच्या लोकांची पत्रं त्यातून जातात. बाबांसाठी तिनं त्यात एक पत्ता काढून दिला, कॉम्प्युटर लावून दिला आणि सांगितलं, "बाबा, तुमची डाक आता माझ्याकडून जाईल." काका त्या सर्व्हरला 'सुजाताचं ठेसन' म्हणतात.

दर रविवारी सकाळी नऊ वाजता त्या ठेसनावरून 'रविवारची थैली' सुटते. डाकडब्यातले जुने सोबती, चाळीसेक म्हातारे, सावनेरपासून रायपूरपर्यंत पसरलेले. त्यांना एक लांबलचक पत्र. कोण आजारी, कोणाची नात पास झाली, कोणाचा मोतीबिंदू निघाला, नागपुरात किती तापलं, आणि शेवटी एक कोडं: अमुक पिनकोडचं गाव ओळखा. काकांना माणसाचं नाव आठवत नाही, पिनकोड आठवतो. "तो नाही का वं, रामटेकच्या पिनचा, टकला." पंधरा वर्षांत थैली चुकली नाही. तापात कण्हत होते तरी कपाटाला टेकून उभे राहिले होते. "डाक थांबली नाही पाह्यजे," हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान.

मागच्या दसऱ्याला सुजाता आली होती. दरवर्षीप्रमाणे बापलेक डबा घेऊन दीक्षाभूमीला जाऊन आले, दमून अंगणात बसले, आणि तिथं तिनं विषय काढला. बाबा, आता एकटे राहू नका, बंगलोरला चला. काका म्हणाले नाही. ती म्हणाली तिकीट काढलंय. काका उसळले, "मी काय पार्सल आहो का? लेबल लावलं अन् बंगलोरले पाठवलं?" ती पण त्यांचीच पोरगी. म्हणाली, "मग राहा एकटे. मी नाही विचारणार परत." काका म्हणाले, "नको विचारू." मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते, म्हणजे मला सगळं ऐकू येणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तेव्हापासून सात महिने दोघांत एक फोन नाही. मी मध्यस्थी करून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

एप्रिलात काकांची जुनी टेलिफोनची लाइन कायमची बंद झाली आणि गल्लीत फायबरवाले आले. नवी लाइन घेतली. स्पीड अशी की आमचे हे खाली जाऊन नुसता तो आकडा पाहून आले. आणि पहिल्याच रविवारी नऊ वाजता काकांनी बटन दाबलं, तर थैली जाईना. कॉम्प्युटर पाच मिनिटं गरगर फिरला आणि म्हणाला, सर्व्हर सापडत नाही.

पत्रं येत होती. बातम्या दिसत होत्या. फक्त डाक बाहेर जात नव्हती.

काकांनी कंपनीला फोन लावला. आम्हा नागपूरकरांची हिंदी जगात कुठंच मिळत नाही. "मैडम, आपने पच्चीस नंबर का दरवाजा काहेको बंद करके रखा?" पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आपका प्लान एक्टिव है." काका म्हणाले, प्लान नाही, दरवाजा. ती म्हणाली, सर, डब्बा बंद करके चालू कीजिए. काकांनी तो बंद केला, चालू केला, आणि त्याबरोबर कूलरही बंद झाला. मग कंपनीचा माणूस घरी आला. त्यानं मोबाईलवर स्पीड मोजली आणि खूश होऊन म्हणाला, "अंकल, सौ की स्पीड आ रही है."

"गाडी शंभरनं धावून राहिली," काका म्हणाले, "पण डाकेले चढूच देत नाही, तर मी त्या गाडीचं काय करू गा?"

तो माणूस भला होता. त्यानं नीट समजावलं. घराघरांतून कोणी लबाड लोक जाहिरातींच्या मेलचा कचरा सोडतात, म्हणून कंपनी घरगुती लाइनीवर ते पंचवीस नंबरचं दार बंदच ठेवते. पत्र पाठवायचं तर आमच्या कंपनीच्या टपालघरातून पाठवा. दुसऱ्याच्या टपालघरात या दारानं जाता येणार नाही.

"गावात चोर शिरले म्हणून वेशीवर पोस्टमनले अडवते का कोणी?" काकांनी विचारलं. त्यानं खांदे उडवले, सांबारवडी खाल्ली आणि गेला.

मग सगळी गल्ली उपाय सांगू लागली. आमचे हे म्हणाले, फुकटचं मेल काढा, दोन मिनिटांचं काम. समोरचे म्हणाले, कंपनीच्या टपालघरातून जाऊ द्या, पत्र पोचल्याशी मतलब. काका सगळ्यांना एकच सांगत, "डाक जाईन तर सुजाताच्या ठेसनावरून जाईन." मला त्यांचा राग यायला लागला. चाळीस म्हातारे खोळंबलेत, सावनेरचे एक आजोबा मला फोन करून विचारताहेत, "गजभिये आहे ना वं बाई, का गेला?" आणि हे मार्गासाठी अडून बसलेत.

मंगळवारी दुपारी मला सुजाताचा मेसेज आला. "ताई, बाबा बरे आहेत ना? सहज विचारलं." मी लिहिलं, बरे आहेत, नवीन लाइनीची गडबड आहे. आणि खाली जाऊन काकांना सांगितलं.

काका कूलरमध्ये पाइपनं पाणी भरत होते. "विचारलं का तिनं?" ते म्हणाले. टाकी भरली, वाहू लागली, तरी पाइप तसाच. मी नळ बंद केला.

"पाह्य मॅडम," ते म्हणाले, "तिच्या ठेसनावर एक रजिस्टर राहते. कॉम्प्युटर आपोआप लिहितो. अमक्याची डाक, अमक्या वाजता, रवाना. ती दर रयवारी ते पाहते. मले माहीत आहे. एकदा मले दहा मिनिटं उशीर झाला, तर थैली पोचल्याबरोबर तिच्याकडून रिकामं पत्र आलं. अक्षर नाही, काही नाही. नुसतं रिकामं. म्हणजे, पाहिलं म्हणून. मी बोलत नाही, ती बोलत नाही. पण रयवारी नऊ वाजता तिले समजते, बाप उभा आहे."

मी पाइप गुंडाळून ठेवला. मग मला पुन्हा राग आला, या वेळी खरा. "मग काका, फोन करा ना तिला. एक फोन. काहून एवढा त्रास?"

"फोनवर भांडण होते," काका म्हणाले. "डाकेत होत नाही."

आता हे ऐकल्यावर मी गप्प कशी बसणार? चार दिवस मी शाळेतून आल्यावर काकांची ती लाल खुणांची पानं वाचली. स्वयंपाकाकडे दुर्लक्ष झालं, आमच्या ह्यांनी दोनदा खिचडी खाल्ली. आणि सापडलं. टपालघराला दुसरंही एक दार असतं, पाचशे सत्त्याऐंशी नंबरचं. ते कंपनी अडवत नाही, कारण तिथं कोणालाही असंच आत सोडत नाहीत. तिथं आधी ओळख द्यावी लागते, मगच पत्र घेतात. मी धडाधड जिना उतरले. काका, सापडलं. काकांनी आकडा ऐकला, पानं उलटली आणि म्हणाले, "हे मी वाचलं होतं. परीक्षेले नाही येणार वाटलं."

दाराचा नंबर बदलला. बटन दाबलं. पडद्यावर एक चौकट आली: नाव आणि पासवर्ड.

काका एक पाऊल मागे सरले. जुन्या लाइनीवर हे कधी विचारलंच नव्हतं. त्या लाइनीचा पत्ता सुजातानं तिच्या सर्व्हरला ओळखीचा करून दिला होता, घरचा माणूस म्हणून पत्र सरळ आत जायचं. येणाऱ्या डाकेचा पासवर्ड वेगळा, तो कॉम्प्युटरनं जपून ठेवलेला. जाणाऱ्या डाकेचा पासवर्ड तिनं ठेवला होता खरा, पण पंधरा वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती. तो एकट्या सुजातालाच माहीत.

"पोट्टीचं दार," काका म्हणाले, "अन् मलेच विचारून राहिलं, तू कोण?"

मी म्हटलं, मी विचारते तिला मेसेज करून. काकांनी हात वर केला. "नाही. तिले विचाराचं नाही. शपथ घे." मी म्हटलं, काका, हा शुद्ध भैताडपणा आहे. ते म्हणाले, असू दे. दुसरा रविवारही तसाच गेला.

तिसऱ्या रविवारी सकाळी मी तर्री-पोह्यांची वाटी घेऊन खाली गेले. काका कपाटापाशी हलत होते आणि भिंतीवर जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद टाचलेला होता. त्यावर पट्टीनं आखलेले चार खण, डाकडब्यात असायचे तसे. पहिल्यावर लिहिलेलं 'शाळेआधी', दुसऱ्यावर 'शाळा', तिसऱ्यावर 'कॉलेज', चौथ्यावर 'बंगलोर'. आणि खणांत बारीक अक्षरात पासवर्डचे अंदाज. टाकून पाहिला आणि चुकला की त्यावर बारीक रेघ आणि शेजारी 'परत'.

मी वाचत गेले. तिची जन्मतारीख, उलटी आणि सुलटी. तिच्या कापडाच्या बाहुलीचं नाव. मांजरीचं नाव. मांजरीच्या पिल्लांची तीन नावं. पहिल्या सायकलीच्या कुलपाचा नंबर. दहावीचा परीक्षा क्रमांक. "हे काय, रामटेकउलटी?" मी विचारलं. "सहलीले गेली होती चौथीत," काका म्हणाले. "पायऱ्यांवर उलटी केली. मास्तरच्या चपलेवर. घरी येऊन महिनाभर सांगत होती."

आणि पहिल्या खणात सातव्या जागी: 'चप्पलपोचली'. त्याच्यापुढे 'परत' दोनदा.

हे काय आहे, असं विचारल्यावर काकांचा हलणारा पाय थांबला. सुजाता सहा वर्षांची होती. खाप्याला आजोळी गेली असताना कन्हानच्या पाण्यात तिची एक चप्पल वाहून गेली. पोरगी उरलेली एकच चप्पल घालून घरात फिरायची, एक पाय अनवाणी. नवीन जोडी आणली तर घालेना. दुसरी परत येईल, तेव्हा जोडी पाहिजे म्हणायची. काकू हरल्या. काका ड्यूटीवर निघाले. कन्हानचं पाणी शेवटी भंडाऱ्याकडेच जातं. भंडारा रोडला गाडी थांबली तेव्हा त्यांनी एक पोस्टकार्ड लिहिलं आणि आपल्याच हातानं थैलीत टाकलं.

"काय लिहिलं?"

"'कुमारी सुजाता हिस. मी भंडाऱ्यास सुखरूप पोचली. मजेत आहे. परत येणार नाही. नवीन जोडी घ्यावी. आपली, चप्पल.'"

मी हसले. हसता हसता पोह्यांची वाटी कलंडली आणि तर्री माझ्याच साडीवर सांडली.

"तिला सांगितलं कधी, तुम्ही लिहिलं म्हणून?"

"सरकारी डाकेत खोटं कार्ड टाकलं, हे काय सांगाची गोष्ट आहे?" काका म्हणाले.

चौथा खण कोरा होता. मी त्याकडे पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "तिथचं मले काही माहीत नाही," ते म्हणाले. "तिच्या घरी मांजर आहे का, शेजारी कोण आहे, ती जेवते काय. कधी विचारलंच नाही. मी आपला थैलीचं सांगत राहो." आणि ते पुन्हा कीबोर्डकडे वळले.

मी म्हटलं, मी वर जाऊन स्पेलिंगं तपासते, आणि त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला. अर्धा जिना चढले नाही तर फोन वाजला. सुजाता.

"ताई, माझ्या सर्व्हरवर सकाळपासून नागपूरहून कोणीतरी बाबांच्या नावानं चुकीचे पासवर्ड टाकतंय. एकोणतीस वेळा झालं. चोर आहे की बाबा आहेत?"

"आधी एक लक्षात ठेव," मी म्हटलं. "मी तुला काही विचारलेलं नाही. फोन तू केलास." आणि मी तिला तो फोटो पाठवला.

ती वाचत होती. मी जिन्यावर बसले. आधी ती फिस्सकन हसली, ते रामटेकचं असणार. "पिल्लांची नावं मी विसरले होते," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ते कार्ड माझ्याकडे आहे, ताई. बाबांचं अक्षर मला दुसरीतच ओळखू आलं होतं. मी बोलले नाही, त्यांना वाईट वाटलं असतं." मग पुन्हा काही नाही. चौथ्या खणापाशी आली असावी.

"यातलं एक तरी बरोबर आहे का गं?" मी शेवटी विचारलं.

"नाही. एकही नाही." तिनं नाक ओढलं. "दोन मिनिटं थांबा." पलीकडून कीबोर्डची टकटक आली. "आता बाबांना सांगा, पहिल्या खणातलं सातवं परत टाका."

"ते बरोबर होतं?"

"आता आहे," सुजाता म्हणाली आणि फोन ठेवला.

मी खाली गेले. चेहरा शक्य तेवढा शाळेतल्यासारखा केला. "काका, मला वाटतं सातव्यात तुमचं एखादं अक्षर चुकलं असेल. पुन्हा टाकून पाहता का?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं. मग त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर म्हणत, चप्पल पोचली असं टाइप केलं आणि बटन दाबलं. पडद्यावरची चौकट नाहीशी झाली. तीन आठवड्यांची थैली गेली.

त्यांनी वही काढली, तारीख घातली आणि शिक्का मारला. मग म्हणाले, "मॅडम, सातवं मी दोनदा टाकलं होतं. अक्षर अन् अक्षर पाहून."

मी रिकामी वाटी उचलली.

"पत्ता चुकीचा आहे अन् तरी पत्र पोचलं," काका म्हणाले, "तर समजाचं, मधात कोण्या सॉर्टरनं हात लावला. आम्ही बी लावत जाऊ. कोणाले सांगत नसो." त्यांनी डोळे पुसले नाहीत, उगाच कशाला खोटं सांगू. पण शिक्का वहीऐवजी कपाटावरच ठेवला, शाईकडून, आणि त्यांना ते कळलंही नाही.

मग त्यांनी नवीन पत्र उघडलं. पत्त्याच्या जागी सुजाताचा पत्ता घातला. विषयापाशी अडले. "काय वं, तू काय खातेस, असं विचाराचं असलं तर विषय काय लिहाचा?"

"विचारपूस लिहा."

"चौकशी लिहितो," काका म्हणाले. "आता तू जाय. खाजगी डाक आहे."

मी वर आले आणि साडी भिजत घातली. खालून कीबोर्डचा ठोका ऐकू येत होता, एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा. मग ठोके थांबले. मिनिटभरही गेलं नसेल, तर खाली फोनची रिंग वाजली.

"डाकेचं उत्तर डाकेनं द्याचं राहते वं," काकांचा आवाज आला. मग, "बरं, सांग. काय खाल्लं?"

त्यानंतर कितीतरी वेळ नुसतं 'हं, हं' ऐकू येत राहिलं, आणि मधे एकदा काका मोठ्यानं म्हणाले, "थांब वं, जरा हळू सांग. लिहून घेऊन राहिलो."